ठरलं असेल तर हात धुऊन ये

सर, वॉर्डाच्या टोकाला खिडकीखाली जो नळ होता तो अजून तिथेच आहे. बेसिन बदललं, फरशी बदलली, भिंतीला अर्ध्यापर्यंत टाइल्स लागल्या, पण नळाची जागा तीच आणि तो अजूनही नीट बंद होत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता या वॉर्डात तुम्हाला पाहिलेलं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तुमची लाकडी खुर्ची गेली, तिच्या जागी फिरती खुर्ची आली आणि तिच्यावर मी बसते. यातलं काही तुम्हाला कळवावं असं मला कधी वाटलं नव्हतं. पण या वेळच्या परीक्षेत आर्णीच्या एका माणसाचं जे झालं ते तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर निम्मा वेळ त्या नळाची गोष्ट समजावण्यातच जाईल, आणि मला तेवढा धीर नाही हे तुम्हाला माहीत आहे.

माणूस वेल्डिंगचं काम करणारा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. हातापायांच्या काड्या झालेल्या आणि पोट मात्र हे एवढं, पाण्यानं भरलेलं. वर्षभर तो आमच्याकडे येत होता. आला की आम्ही पोटातलं पाणी काढायचो, गोळ्या लिहून द्यायचो, घरी पाठवायचो. लिव्हर खराब. आणि लिव्हर कशानं खराब झालं हे विचारायची आपल्या वॉर्डाची पद्धत तुमच्या वेळी होती तीच आहे. "पिता का?" असं कोणी विचारत नाही, "किती पिता?" असंच विचारतात. तो दर वेळी एकच सांगायचा, मी पीत नाही. लिहिणारा दर वेळी बरं बरं म्हणून मान हलवायचा आणि कागदावर दारूमुळे असं लिहून मोकळा व्हायचा. पिणारे सगळे नाहीच म्हणतात, हे आमचं पाठ. मोहाची दारू पिऊन पोट फुगलेल्या माणसांची आपल्याकडे कधी तूट नसते, त्याच ओळीत त्यालाही एक खाट मिळाली. पुढे पुढे तो सांगायचंही सोडून देईल असं मला वाटलं होतं, पण त्यानं सोडलं नाही. त्याची बायको एकदा मला गाठून म्हणाली, "मॅडम, माझ्या अब्बानं घरी येणंच सोडलं. म्हणतात, एवढ्या मोठ्या दवाखान्याचे डाक्टर कागदावर झूट कायले लिहितील?" मी तिला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

आता मागचं थोडं सांगते. तुम्हाला ते ठाऊकच आहे, पण ते माझ्या बाजूनं कसं दिसलं हे ठाऊक नसेल. मी राळेगावहून आलेली, तिसऱ्या वर्षाची, तोंडातून वऱ्हाडी शब्द निसटू नये म्हणून कमी बोलणारी मुलगी. वॉर्डात तेव्हा एक म्हातारा मामा नेहमी असायचा. हृदयाची झडप बिघडलेला. विद्यार्थ्यांना शिकवायला म्हणून इतक्यांदा त्याला बोलावलं जायचं की त्यालाच आपला आजार आमच्यापेक्षा बरा सांगता येई. मी जवळ गेले तर म्हणाला, "बाई, मले डाव्या बाजूची झडप हाये. नळी अठी ठेव, खरखर आयकू येते. लिहून घे." मी नळी तिथेच ठेवली, खरखर ऐकू आली, लिहून घेतलं. इतकं सोपं असतं हे शास्त्र, असं वाटून हायसं वाटलं. मग तुम्ही आलात. बाकीचे प्राध्यापक इंग्रजी बोलायचे आणि तुम्ही खाटेपाशी उभे राहून माझ्या आजोबांसारखं बोलत होतात.

"काय हाये मामाले?"

"झडपेचा आजार, सर."

"तुनं कवा ठरवलं?"

हा काय प्रश्न, असं वाटलं. आजार कसा ओळखला हे विचारतात, कारणं विचारतात, पुस्तकातली यादी म्हणायला लावतात. कधी ठरवलं हे कोणी विचारतं का? मला खोटं सुचलं नाही म्हणून खरं बोलले, "मामांनी सांगितलं तेव्हा." सगळी बॅच खो खो हसली, मामाही हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बरं झालं सांगतलं. ठरलं असंन तं जा, हात धुऊन ये." मला वाटलं शिक्षा झाली. त्या लांबलचक वॉर्डातून सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेत मी नळापर्यंत गेले, हात धुतले, परत आले, तेव्हा डोळे भरलेले होते. तुम्ही म्हणालात, "आता हा मानूस तुनं आजवर पाह्यलाच नाही असं समज. उठवून बसव त्याले अन् नखापासून सुरू कर." मी मामाला उठवून बसवलं. नखं पाहिली, जीभ पाहिली, मान पाहिली. पाठीवर बोटं आपटत खाली आले तर उजव्या बाजूला आवाज एकदम दगडावर आपटल्यासारखा झाला. नळी लावली तर श्वास ऐकूच येईना. छातीत पाणी झालेलं होतं. मामाला दम लागत होता तो त्याच्या जुन्या झडपेचा नव्हताच, पुढे तो क्षय निघाला. पण मला आठवतो तो तुमचा चेहरा. तुम्ही स्वतः पाठीवर बोटं आपटून पाहिली आणि नळाकडे गेलात. हात पुसत परत आलात आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणालात, "मलेही मामानंच सांगतलं होतं."

त्या दिवसापासून मी तुमच्या मागे लागले. नळापर्यंत जायचं आणि यायचं, एवढीच तुमची युक्ती. कोणी काही ठरवलं की त्याला तुम्ही पाठवायचात. पावसाळ्यात हातांना भेगा पडल्या तरी सूट नव्हती. एकदा मी वैतागून विचारलं की सर, इथेच उभं राहून दुसऱ्यांदा विचार केला तर चालणार नाही का? तुम्ही म्हणालात, "उभ्या उभ्या केलेला दुसरा इचार हा पयल्याचाच भाऊ असते. चालून ये. चालता चालता ठरलेलं थोडं ढिलं पडते." तुमच्या घरी रविवारी आम्ही अडलेलं विचारायला यायचो तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात असायचात, कारण रविवारची भाजी तुमच्याकडे. वांग्याच्या भाजीत मीठ कमी वाटलं की तुम्ही पळी खाली ठेवून मोरीकडे जायचात आणि काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या, "पाह्य बरं माय, हा मानूस मिठाच्या चिमटीसाठीही हात धुऊन येते. अठी पोरं उपाशी बसली." तुम्ही परत येऊन भाजी पुन्हा चाखायचात आणि बऱ्याचदा मीठ न घालताच झाकण ठेवायचात. काकूंच्या मते भाजी अळणीच असायची.

सर, आता वॉर्डात प्रत्येक खाटेला सॅनिटायझरची बाटली लटकवलेली असते. त्या मोठ्या साथीपासून लागली ती राहिली. चांगलीच सोय आहे, तिला नावं ठेवत नाही. पण दोन थेंब हातावर घेतले, चोळले आणि पुढची खाट. नळाकडे कोणी जात नाही. मीही जात नव्हते. तुमचा प्रश्न मात्र मी सोडला नाही. इतकी वर्षं प्रत्येक बॅचला विचारत आले, "कधी ठरवलं?" मुलं पाठीमागे माझी नक्कल करतात, चष्मा नाकावर ओढून आणि मान तिरकी करून, तेही मला ठाऊक आहे. पण प्रश्न जुना झाला की त्याचं उत्तरही तयार होतं. मुलं आता बिनचूक सांगतात, "पूर्ण तपासणी झाल्यावर, मॅडम." सगळ्यांचं तेच. कोणी दारातच ठरवत नाही, कोणी नर्सचं ऐकून ठरवत नाही, कोणी शेजारच्या खाटेवरचा आजार याच्या गळ्यात घालत नाही. आपलं डोकं कसं चाललंय यावर लक्ष ठेवायला शिकवायचं होतं, आणि मी त्यांना लक्ष ठेवल्यासारखं बोलायला शिकवलं. हे मला कळत होतं, मग रागही यायचा, आणि तो राग मुलांवरच निघायचा.

या बॅचमध्ये एक मुलगी होती, मारेगावकडची. वडील एसटीत कंडक्टर. मुलगी हुशार पण फार सावकाश. प्रत्येक तक्रारीपाशी थांबायची, मागे जायची, पुन्हा विचारायची. मुलांनी तिचं नाव "हात दाखवा" ठेवलं होतं, कोणीही हात दाखवला की थांबणारी गाडी म्हणून. ती चिडायची नाही. केस झाली की पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून स्वतःशी पुटपुटायची. मी एकदा मागे जाऊन ऐकलं तर स्वतःलाच झापत होती, "ताप आयकला अन् डेंगू म्हणून मोकळी झाली. काहून? परवा डेंगूचा पेशंट पाह्यला म्हणून." मला पाहून दचकली. मग धीर करून म्हणाली, "मॅडम, मी घाईत ठरवलं हे मला कळतं. पण ठरवून झाल्यावर कळतं. ठरवताना कसं कळेल?" इतकी वर्षं प्रश्न मी विचारत आले, आता एवढ्याशा मुलीनं मला विचारला. ठरवताना ते कळत नाही, कोणालाच नाही. मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली. मामाची, नळाची, ठरलं असेल तर हात धुऊन ये, रोग्याला उठवून बसव, तो नवीन आहे असं समज. तिनं ऐकून घेतलं, एवढंच विचारलं, "नळ कुठला, तो खिडकीखालचा?"

परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याला आर्णीचा माणूस आला. परीक्षेला असे रोगी आम्ही ठेवतोच, सगळं ठरलेलं, सगळं कागदावर लिहिलेलं. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याहून वयानं मोठे, नागपूरकडचे, शिस्तीचे, माणूस वाईट नाही. आम्ही दोघं खाटेपाशी गेलो तेव्हा तिनं सांगायला सुरुवात केली. पोट वर्षभरापासून वाढतंय, पायाला सूज, डोळे किंचित पिवळे, लिव्हरचा आजार, बहुधा दारूमुळे. सगळं आमच्या कागदाबरहुकूम. परीक्षकांनी विचारलं, "किती पितो?" ती म्हणाली, "ते म्हणतात पीत नाही, सर." परीक्षक हसले, "सगळेच म्हणतात." तो माणूस उताणा पडून छताकडे बघत होता. त्याच आवाजात, जो मी वर्षभर ऐकत होते, तो म्हणाला, "साहब, म्या कधी हात नाही लावला. खुदा गवाह है."

मुलगी बोलता बोलता थांबली. कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "सर, मला हात धुऊन यायचंय."

परीक्षकांना वाटलं पोरगी घाबरली, रडायला चालली. "वेळ चाललाय," ते म्हणाले. "तपासून तर झालंय ना, मग आता कशाला?" ती माझ्याकडे बघत होती. मला बोलायची मुभा नव्हती, मीही त्या दिवशी परीक्षक होते आणि घरच्या परीक्षकानं आपल्या विद्यार्थ्याच्या बाजूनं बोलायचं नसतं. मी फक्त बाजूला सरकले, तिला वाट दिली. ती गेली. त्या लांबलचक वॉर्डातून, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन, खिडकीखालच्या नळापर्यंत. नळाचा आवाज आम्हाला इथवर ऐकू आला. परत आली ती सरळ त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, उठून बसता काय? पाय खाली सोडा." त्याला धरून बसवलं. नखं पाहिली. जीभ पाहिली. मग मानेशी वाकली आणि तिथेच राहिली. मोबाइलचा उजेड तिरपा धरून बघत राहिली. मी जिथे उभी होते तिथूनही मला ते दिसलं, सर. मानेतली शीर फुगून थेट कानाच्या पाळीपर्यंत आली होती. झोपलेल्या माणसात ती कळत नाही. टाकी काठोकाठ भरली की पाण्याची रेघ दिसत नाही, तसं होतं. बसवल्यावर रेघ दिसली. नुसतं लिव्हर बिघडलं असतं तर ती शीर अशी तट्ट फुगली नसती. रक्ताला हृदयात शिरायला वाटच मिळत नव्हती.

ती सरळ उभी राहिली. "सर, मघाशी सांगितलेलं मी मागे घेते. मी यांचं पोट बघून दारातच ठरवलं होतं. हे लिव्हरपासून सुरू झालेलं नाही. मला वाटतं हृदयाच्या वरचं आवरण कडक झालंय." मग त्याच्याकडे वळून विचारलं, "भाऊ, आधी कधी टीबी झाला होता काय?" तो म्हणाला, "हो ना बाई. जवानीत झाला होता. सरकारी गोळ्या खाल्ल्या. हे कोणी विचारलंच नाही, सारे दारूचंच पुसतात." परीक्षकांनी स्वतः वाकून मान पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली.

गुण भरायच्या खोलीत ते म्हणाले, उत्तर मध्येच बदललंय. आधीचं चुकीचं धरायचं की नंतरचं बरोबर? आणि बरोबर आहे कशावरून, कागद तर दुसरंच सांगतो. मी म्हणाले, कागद माझा आहे, माझ्या युनिटचा. कागद चुकलाय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आम्ही वाद घातला, तुम्ही असता तर माझ्या आवाजावर दटावलं असतं. शेवटी तिला पास केलं, पण आत्मविश्वासाचे गुण कापून. परीक्षेत उत्तर बदलणारा विद्यार्थी त्यांना डळमळीत वाटतो. मी सही केली, कारण तेवढ्यावरच ते आले. दुपारी त्या माणसाच्या हृदयाची सोनोग्राफी झाली, छातीचा बाजूनं एक्स-रे काढला. हृदयाभोवती चुन्यासारखी पांढरी कड दिसली, नारळाच्या करवंटीसारखी. आत बिचारं हृदय अर्धवटच उघडत होतं. जुन्या क्षयाची खूण. वर्षभर आम्ही पोटातलं पाणी काढत होतो, आणि पाणी कुठून येतंय हे बघायला त्याला एकदा नीट उठवून बसवलं नव्हतं. ऑपरेशनला नागपूरला पाठवायचं ठरलं.

गाडी दारात लागली तेव्हा मी खाली गेले. तो स्ट्रेचरवर होता, बायको बुरख्यात उशाशी उभी, तिच्या हातात कागदांची पिशवी. मी ऑपरेशनबद्दल समजावू लागले, धोका किती, फायदा काय. त्यानं हात वर करून मला थांबवलं. "मॅडम, ते वरचा पाहून घेईन. तुम्ही तो दारूचा लफ्ज काटून द्या. वापस येतो की नाही ठाव नाही, पोरं मोठी होऊन तो कागद वाचतील." मी तिथेच, गाडीच्या पायरीवर बसून, एकेक कागद काढला. दर भरतीच्या कागदावर तो शब्द होता. खोडून काढायची परवानगी नसते, एकच रेघ मारून बाजूला सही करायची असते. मी प्रत्येक ठिकाणी रेघ मारली, बाजूला लिहिलं की रोगी दारू पीत नाही, आणि सही केली. काही ठिकाणी खाली आधीची सहीही माझीच होती. बायको वाकून प्रत्येक कागद बघत होती. शेवटचा झाल्यावर तिनं पिशवी छातीशी धरली. त्याचं ऑपरेशन नीट झालं. परवा फोन आला, आता चालतो, जेवतो. त्याचे सासरे नागपूरला भेटायला गेले होते म्हणे.

निकालानंतर ती मुलगी माझ्या खोलीत आली. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"त्यांचं लिव्हरच आहे, हे तुम्ही कधी ठरवलं होतं?"

सर, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. तुमच्यानंतर कोणीच नाही. मी रागावले नाही, तुम्हाला खोटं वाटेल पण नाही रागावले. मी म्हणाले, "जिन्यात." पहिल्यांदा तो भरती झाला तेव्हा माझ्या रेसिडेंटनं फोन केला होता, मॅडम, आर्णीचा पेशंट आहे, पोट आलंय, नेहमीचंच. मी जिना चढत होते. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत माझं ठरलेलं होतं, माणूस पाहायचा राहिला होता. तिनं मान डोलावली आणि मोठ्या माणसानं लहानाला समजवावं तसं म्हणाली, "मीही दारातच ठरवलं होतं, मॅडम." मग नमस्कार करून गेली. ती गेल्यावर मी नळापर्यंत गेले. वॉर्डबॉयला वाटलं मॅडमना काही हवंय, तो मागून धावत आला. मी म्हणाले, काही नको, हात धुवायचेत. आता रोज जाते. फेरी लांबते, रेसिडेंट घड्याळ बघतात, बघोत.

पण हे सगळं लिहायला बसले ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती टाळत टाळत इथवर आले. तुम्ही शेवटी आपल्याच वॉर्डाच्या बाजूच्या खोलीत होतात. मी तेव्हा तुमच्या हाताखाली पुढचं शिकत होते. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, अंग खाजवून खाजवून ओरबाडलेलं. एका सकाळी तुम्ही आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलंत आणि म्हणालात, "आज केस मी हाये. या, तपासा." काकू रागानं उठून बाहेर गेल्या. एकेकानं तुमचं पोट तपासलं. प्रत्येकाला तुम्ही विचारलंत, तुनं कवा ठरवलं? आणि प्रत्येकानं सांगितलं, पोट तपासल्यावर, सर. रिपोर्ट सगळ्यांनी आदल्या दिवशीच वाचले होते. "खोटारडे आहा सारे," असं म्हणून तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. मग मी आले. हात चोळून गरम केले, बरगड्यांखाली ठेवले. रिपोर्टातली ती गाठ माझ्या बोटांना लागली. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. "अन् तुनं?" मी बोटं तिथून उचलली नाहीत. तुम्ही वाट पाहिलीत, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलीत, आणि मग हळूच म्हणालात, "जा पोरी. हात धुऊन ये." मी गेले. नळापाशी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. परत आले तेव्हा सिस्टरनं इंजेक्शन दिलेलं होतं आणि तुम्ही झोपला होतात. पुन्हा तो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, आणि मला वाटत राहिलं की तुमची इतकी शिकवलेली मुलगी ऐन वेळी काहीच सांगू शकली नाही, म्हणून तुम्ही सोडून दिलंत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. त्या दिवशी नळाखाली हात धरून मी दुसरं काय काय असू शकतं ते आठवत होते. खडा असेल, सूज असेल, जुना काहीतरी बरा होणारा आजार असेल, पुस्तकात होतं नव्हतं ते सगळं मी तिथे उभी राहून आठवलं, आणि पाणी वाहत राहिलं. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हाही माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला की नीट पाहिलं का, उठवून बसवलं होतं का. त्या सकाळी मी परत आले तेव्हा तुम्ही जागे असता तर मी एवढंच म्हणणार होते, सर, मी ठरवलं नाही. अजूनही नाही.